रानकांद्याचे कूळ

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीहून चिचगडकडे निघाले की काही अंतरातच रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल लागते. साग, मोह, तेंदू, मध्येच बांबूची रांजी. मार्च-एप्रिलात मोहफुले गळायला लागतात. ती वेचताना पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायची पद्धत आहे, त्यामुळे जमीन ठिकठिकाणी काळी पडलेली असते. अशा कोरड्या, भाजलेल्या जमिनीतून याच दिवसांत एक हिरवट-तांबूस दांडा सरळ वर येतो. त्याला एकही पान नसते. वरच्या भागात लांब लांब अंतरावर मळकट, तपकिरी झाक असलेली छोटी फुले लागतात, तीही बहुतेक सांज उतरल्यावर उमलणारी. दिवसा पाहणाऱ्याला तो दांडा वाळल्या गवताच्या काडीसारखा वाटतो. पाऊस पडला की फुलांचा मागमूस राहत नाही आणि त्याच जागी लांबट, पट्टीसारखी पाने फुटतात. तिथे खणले तर हाताला लागतो पांढरा, पापुद्र्यांचा, मुठीएवढा कांदा.

हा रानकांदा. कोकणात आणि देशावर त्याला कोळकांदाही म्हणतात, हिंदीत जंगली प्याज. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. महाराष्ट्रात तो किनाऱ्यापासून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीपर्यंत पसरलेला आहे. नाव ऐकले की प्रश्न येतो तो चवीचा: याची भाजी कशी करतात? या लेखाचा खटाटोप त्या प्रश्नापायीच आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. याची भाजी करत नाहीत. हा विषारी आहे. मात्र तो ताटाबाहेर का राहिला आणि त्याच जंगलातले दुसरे कडू, खाजरे कंद ताटात कसे आले, हे पाहू लागलो की झाडीपट्टीच्या स्वयंपाकघराचा फार मोठा इतिहास हाती लागतो. तो लिहिला गेलेला नाही, याची मला खंत आहे.

आधी कुळाचे पाहू. आपण रोज चिरतो तो कांदा ॲलियम वंशातला. लसूण त्याच वंशातली. हा वंश मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या थंड आणि समशीतोष्ण मुलखात वाढलेला. शेतातल्या कांद्याचे जवळचे रानटी भाऊबंद मध्य आशियाच्या डोंगरांत सापडतात. खऱ्या अर्थाने रानटी असलेले आणि खाल्ले जाणारे कांदे जगात पुष्कळ आहेत. उत्तराखंडात उंचावर मिळणारे जंबू आणि फरण वाळवून ठेवतात आणि तुपात तडतडवून डाळीला फोडणी देतात. अमेरिकेतल्या शिकागो शहराचे नावसुद्धा तिथल्या मूळ रहिवाशांनी अशाच एका रानकांद्याला दिलेल्या नावावरून पडले, असे मानले जाते. देवरीच्या जंगलात या वंशाचा कोणी नांदत नाही. तिथल्या आठवडी बाजारातला कांदा पोत्यातून, बाहेरून येतो.

रानकांद्याचे कूळ वेगळे. तो शतावरीच्या कुळात मोडतो. पापुद्रे तसेच, आकार तसाच, पण वास नाही. कांदा चिरला की डोळ्यांत पाणी आणणारा आणि तेलात पडला की घरभर घमघमणारा जो गंध, तो गंधकयुक्त द्रव्यांचा असतो आणि ती ॲलियम वंशाची खूण आहे. रानकांद्याचे पान चुरगळले तर तो गंध येत नाही. रस बुळबुळीत लागतो आणि कातडीला खाज सुटते, कारण त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. जिभेवर तो जहाल कडू लागतो.

आता या कडू कांद्याची वंशावळ किती लांब जाते ते पाहा. भूमध्य समुद्राच्या काठी त्याचा सख्खा भाऊ वाढतो, ड्रिमिया मॅरिटिमा. त्याचे कांदे कधी कधी नारळाएवढे होतात. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस ग्रीक पंडित थिओफ्रास्टसने वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या कांद्याचा उल्लेख आहे. तो म्हणतो की याचे सगळे प्रकार खाण्याजोगे नाहीत, फक्त एक खातात, आणि त्याला एपिमेनिडिसचे नाव आहे. एपिमेनिडिस हा क्रीट बेटावरचा दंतकथेतला साधुपुरुष. भूक मारणारे एक अन्न तो खात असे आणि त्यात हा कांदा पडत असे, अशी कथा नंतरच्या लेखकांनी सांगितली आहे. या कांद्याच्या पाककृतीचा जो काही जुना धागा सापडतो तो इथे, आणि तोही उपासतापासाशी बांधलेला.

पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडिसने आपल्या औषधिग्रंथात कांदा सिद्ध करण्याची रीत तपशिलाने लिहिली. कांद्याभोवती कणीक किंवा माती थापायची, तो भट्टीत किंवा निखाऱ्यांत पुरून भाजायचा. नीट भाजला नाही तर तो अपायकारक, म्हणून कच्चा राहिल्यास पुन्हा थापून पुन्हा भाजायचा. मग वरचे पापुद्रे काढून आतला गर चिरायचा, उकळायचा, पाणी ओतून द्यायचे, नवे पाणी घालून पुन्हा उकळायचे, पाण्याचा कडवटपणा जाईपर्यंत. शेवटी चकत्या एकमेकींना लागणार नाहीत अशा दोऱ्यात ओवून सावलीत वाळवायच्या. या चकत्यांपासून मग व्हिनेगर, मद्य, तेल बनत असे. व्हिनेगरात मध मिसळून केलेले चाटण खोकल्या-दम्यावर दिले जाई. अरब वैद्यांनी तेच पुढे नेले आणि युनानी वैद्यकाबरोबर ते हिंदुस्थानात आले. इथल्या हकिमांना भूमध्य समुद्राचा कांदा मिळणार कुठून? त्यांनी त्याच्या जागी इथला जंगली कांदा घेतला. युनानी दवाखान्यात तो आजही उन्सुल किंवा इस्कील या नावाने ओळखला जातो.

आपल्याकडच्या निघंटूंत वनपलांडु आणि कोलकंद ही नावे येतात. कोल म्हणजे रानडुक्कर. अडचण अशी की वाराहीकंद हेही नाव रानडुकरावरूनच पडलेले आहे आणि ते एका रानटी वेलीच्या कंदाचे आहे. तो कंद योग्य संस्कारांनंतर खाल्ला जातो. एक विषारी कांदा आणि एक खाद्य कंद असे एकाच नावाच्या छपराखाली आले. ग्रंथातल्या नावावर विसंबून कोणी खायला गेला तर काय होईल, याचा विचार आजही करावा लागतो.

पुढचा टप्पा छापील पुस्तकांचा. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याने या झाडाचे वर्णन केले. त्याचा ‘फ्लोरा इंडिका’ त्याच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये विल्यम कॅरीने श्रीरामपूरहून प्रसिद्ध केला. हा कॅरी मराठी वाचकाला परका नाही, १८०५ चे मराठी व्याकरण त्याचेच. रॉक्सबर्गने दिलेले वंशनाम दोनदा बदलले. १८४३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ कुंथने त्याला अर्जिनियात घातले आणि १९७७ मध्ये ते ड्रिमियात आले. डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या १८९० ते १८९३ या काळात निघालेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त या कांद्याला जागा आहे. विलायती कांद्यापुढे हिंदी कांदा निःसत्त्व, असा एक समज डॉक्टरांत होता. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतल्या रामनाथ चोप्रांनी १९३३ च्या आपल्या पुस्तकात देशी औषधींची जी छाननी केली, तीत तो समज टिकला नाही. खोकल्याच्या जुन्या इंग्रजी सिरपांत ‘स्क्विल’ म्हणून जो घटक असे तो हाच, इकडचा किंवा तिकडचा.

त्याचे विष कसे काम करते तेही विसाव्या शतकात उलगडले. स्वित्झर्लंडमध्ये आर्थर स्टोल यांनी त्यातली हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड वेगळी काढली. डिजिटॅलिसच्या जातीची ही द्रव्ये. अगदी थोड्या मात्रेत ती जठराला चाळवतात आणि त्या चाळवण्याने छातीतला कफ सुटतो. मात्रा वाढली की उलट्या, त्याहून वाढली की नाडी मंदावते, ठोके चुकतात आणि हृदय थांबू शकते. भूमध्य कांद्याचा तांबडा प्रकार उंदीर मारायला वापरत, त्याचे कारणही यातच आहे. माणूस किंवा कुत्रा उलटी करून बरेचसे विष बाहेर टाकतो, उंदराला उलटी करता येत नाही.

इतके सगळे या कांद्याबद्दल लिहिले गेले: ग्रीकमध्ये, अरबीत, लॅटिनमध्ये, इंग्रजीत. आणि देवरीच्या बाजूला काय लिहिले गेले?

इथे थोडा राज्यकारभाराचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. भंडारा जिल्हा नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यातून १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेला, १८६१ पासून तो मध्य प्रांतात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. मराठी वनस्पतिनावे आणि त्यांचे घरगुती उपयोग ज्या मोठ्या इंग्रजी ग्रंथांतून आपल्याकडे आले, त्यांचा कणा मुंबई इलाख्याचा होता. थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळातला फ्लोरा नावाप्रमाणेच मुंबई इलाख्याचा. डायमॉक मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळत असत. त्यामुळे रत्नागिरीची, ठाण्याची, साताऱ्याची नावे पुस्तकात चढली आणि झाडीपट्टीची नावे, तिथल्या गोंड-हलबा बायकांची माहिती मध्य प्रांताच्या महसुली दप्तरांच्या कडेला राहिली. दप्तराला रस होता तो साग, लाख, तेंदू आणि मोहाच्या दारूवरच्या करात. मराठीत झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी कष्टाने उभा केला, पण झाडीच्या पाकशास्त्राला असा अभ्यासक मिळालेला नाही.

ते पाकशास्त्र कशाचे आहे? माझ्या मते, पाणी टाकून देण्याचे.

पावसाळ्यात वास्ते येतात, म्हणजे बांबूचे कोंब. कोवळे कोंब सोलून, बारीक चिरून भिजत घालतात, उकळतात आणि ते पाणी फेकतात, मग भाजी. कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारे द्रव्य असते, ते या भिजवण्या-उकळण्यात निघून जाते. कुड्याची फुले उकळून, पिळून घेतल्याशिवाय कोणी फोडणीला टाकत नाही. धानाच्या उभ्या पिकात पेरतात ती लाखोळी: तिच्या डाळीतल्या विषाने पाय लुळे पडतात म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, तरी झाडीत ती घराघरांत राहिली. डाळ भिजवून पाणी टाकले, उकळून पुन्हा टाकले तर विषाचा बराच भाग जातो, हे प्रयोगशाळेनेही पुढे दाखवले. सुरणाची खाज चिंचेने किंवा ताकाने मारायची हे तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तरोटा, खेडा, काटवल, टेकोडे, धोप्याची पाने, प्रत्येकाची वेळ ठरलेली आणि रीतही.

याच रांगेत कंद येतात. झाडीत आणि सीमेपलीकडच्या छत्तीसगडात कांदा म्हटले की जमिनीतून निघणारी कोणतीही गाठ. डांगकांदा, केवकांदा, करूकांदा ही नावे तिथे सर्रास ऐकू येतात. त्यांतले बहुतेक डायोस्कोरिया वंशातले वेल आहेत. एक वेल असा की त्याच्या पानांच्या बगलेत बटाट्यासारख्या गाठी लोंबतात. कोकणात त्याला करांदा म्हणतात, निघंटूंतला वाराहीकंद बहुधा हाच. गोड जातीचे करांदे मीठ घालून उकडले की झाले. रानटी मात्र कडू असतात, त्यांना राख चोळून, चकत्या करून, रात्रभर पाण्यात ठेवून, दोन-तीन पाण्यांत उकळून घ्यावे लागते. याहून कठीण आहे बैचांदी, म्हणजे तीन पानांच्या काटेरी वेलाचा मोठा कंद. सातपुड्याच्या मंडला-बालाघाट पट्ट्यातले गोंड आणि बैगा याच्या पातळ चकत्या काढतात, टोपलीत भरून वाहत्या नाल्यात काही दिवस ठेवतात, मग उकळून वाळवतात. यातले डायोस्कोरीन नावाचे विष पाण्यात विरघळते म्हणून ही युक्ती साधते. नाला थांबला किंवा दिवस कमी पडले तर माणूस गुंगीत जातो. वाळलेली बैचांदी बाजारात उपासाचा पदार्थ म्हणूनही विकली जाते.

ही रीत डायोस्कोरिडिसच्या रीतीशेजारी ठेवून पाहा. आच, चकती, पाणी, पुन्हा पाणी, सावलीतली वाळवण. दोन हजार वर्षांच्या आणि एका समुद्राच्या अंतरावर माणसांनी कडू कंदाशी सारखाच व्यवहार केला. फरक निकालात आहे. बैचांदीचे विष नाल्याबरोबर जाते, रानकांद्याचे भरवशाने जात नाही. उकळून कडवटपणा कमी झाला म्हणून हृदयाला धोका टळला असे होत नाही. एपिमेनिडिसच्या नावाचा तो एक प्रकार सोडला तर ग्रीकांनी इतके करूनही त्याचे जेवण केले नाही, व्हिनेगर आणि औषधच केले. आपल्याकडच्या जंगलवासीयांनी त्याला पायाच्या भोवरीवर भाजून बांधण्यापुरता, चामखिळीवर लावण्यापुरता ठेवला आणि चुलीपासून दूर ठेवला.

हा निर्णय कोणी, केव्हा घेतला? एकाने घेतलेला नाही हे उघड आहे. मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले. धान गेले तेव्हा जंगलाकाठच्या माणसांना मोहफुलांनी आणि कंदांनी जगवले. अशा वर्षांत माणूस एरवी हात न लावणाऱ्या गोष्टींनाही हात लावतो. तरीही रानकांदा अन्न झाला नाही. यावरून ती मनाई किती पक्की होती याचा अंदाज येतो. मला हे ज्ञान बैचांदी शिजवण्याच्या ज्ञानाइतकेच मोलाचे वाटते. काय कसे खावे हे शिकवणारा आणि काय कसेही करून खाऊ नये हे शिकवणारा शेजार एकच होता, आणि त्या शेजारात बायकांचा वाटा सर्वांत मोठा होता, कारण कंद खणणे, निवडणे आणि धुणे हे काम त्यांचे.

आज या ज्ञानाला धोका आहे तो विस्मरणाचा आणि अर्धवट उत्साहाचा. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग जागोजागी रानभाजी महोत्सव भरवतो. ही चांगली गोष्ट आहे, देवरीसारख्या तालुक्यात तर फारच. पण महोत्सवातून लोक घरी जातात ते खाण्याच्या भाज्यांची यादी घेऊन. न खाण्याच्या वनस्पतींचे टेबल तिथे मांडलेले सहसा दिसत नाही. मोबाइलवर एखादा फोटो येतो, खाली ‘जंगली कांदा, औषधी, गुणकारी’ असे लिहिलेले असते आणि पुढे पाठवले जाते. शिवाय जूनमध्ये रानकांद्याची पाने फुटतात त्याच दिवसांत सह्याद्रीत फोडशी किंवा कुळी फुटते. तिची पाने खातात आणि ती कांद्याच्या पातीसारखीच दिसतात. जंगलात वाढलेल्या बाईची गफलत होणार नाही. नागपूर-मुंबईहून हौसेने आलेल्या माणसाची सहज होईल. कळलावीचा कंद, नागदवण्याचा कांदा, भुईकांदा असे आणखीही चकवे त्याच जमिनीत असतात.

उपाय अवघड नाहीत. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. बऱ्याच ठिकाणी त्या नक्कल करून भरल्या गेल्या, हे या क्षेत्रात काम करणारे उघडपणे बोलतात. देवरी तालुक्यातल्या अनेक ग्रामसभांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, तेंदूपानांचा व्यवहार स्वतः सांभाळण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे. ज्या ग्रामसभा लिलावाच्या अटी वाचू शकतात त्या ही नोंदही करू शकतात. कंद खणणाऱ्या बायकांना सोबत घेऊन वर्षभर, ऋतूप्रमाणे जंगलात फिरावे. प्रत्येक कंदाचे फूल, पान, फळ आणि कंद असे चारही एकत्र टिपावेत, कारण रानकांदा फुलताना पान नसते आणि पान असताना फूल नसते, एका फोटोने तो ओळखू येणार नाही. गोंडी, हलबी, झाडीबोली अशी सर्व नावे लिहावीत. किती पाण्यांत उकळायचे, राख कोणत्या लाकडाची, नाल्यात किती दिवस, हे आकड्यांत लिहावे. आणि न खाण्याच्या कंदांना वेगळा, मोठा विभाग द्यावा, तो शाळेच्या भिंतीवरही लावावा.

वाचकाला सांगणे एवढेच. पावसाळ्यात देवरी, सालेकसा, नवेगावबांधच्या जंगलात जाल तेव्हा जमिनीतून कांदा निघाला तर आधी पान चुरगळून पाहा. कांद्या-लसणाचा वास आला नाही तर तो कांदा नाही. वास आला तरी स्थानिक जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका, चव घेऊन पाहण्यापुरताही नाही. आणि कोणी चुकून खाल्लाच, उलट्या सुरू झाल्या किंवा छातीत धडधड जाणवली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता जवळच्या रुग्णालयात न्या, आणि उरलेला कांदा पानांसकट सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना विष कोणते ते लगेच कळेल.